रेडहॉकवरच्या वीस खुणा

लीलँड ओरसाकनं रेडहॉक ट्रक घेतला तेव्हाच तो विकायचा हे ठरवून टाकलं होतं. कधी विकायचा, एवढंच ठरायचं होतं. त्याला एकवीस वर्षं लागली.

तीस वर्षं त्यानं तेलाच्या पाइपलाइनीवर वेल्डिंग केलं. पन्नाशीला कंपनीनं एकरकमी पैसे देऊन मोकळं केलं. तो व्हिक्टोरिया शहरात गेला आणि दुपारी काळा ट्रक घेऊन फाटकातून आत आला. इंजिन शर्यतीच्या गाडीचं. त्याच्या डोक्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर. सहा गिअर, तेही हातानं टाकायचे. असे ट्रक त्या वर्षी मोजकेच निघाले होते. त्याची बायको अर्लीन व्हरांड्यात उभी होती. यात गवताच्या गाठी किती मावतील, असं तिनं विचारलं.

"एकसुद्धा नाही," लीलँड म्हणाला. "हा वापरायचा नाही. ठेवायचा."

ट्रक कोठारात गेला. अंगावर चादर आली. महिन्यातून एकदा, रस्ता कोरडा असेल तर, लीलँड एकटाच शेजारच्या शायनर गावापर्यंत जाऊन यायचा. परत आल्यावर चाकांच्या खाचांतले खडे काढायचा. अर्लीन गवताच्या गाठी जुन्या ट्रकमधून आणायची, त्याचं दार दोरीनं बांधलेलं होतं.

गावातल्या कॅफेत यावर खूप चर्चा झाली. शेतकरी कॉफीबरोबर खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, खायचे आणि लीलँडला विचारायचे, "काय रे, कोठारात ठेवलायस इतकी वर्षं, पिल्लं झाली का ट्रकला?" त्यांचं गणित सरळ होतं. नवा ट्रक आला की जुन्याची किंमत पडते. ट्रक म्हणजे काही जमीन नव्हे.

लीलँडचं गणित वेगळं होतं. ट्रकच्या कंपनीनं मध्ये दोनदा नवा रेडहॉक काढला. पहिल्यांदा जुन्यांचा भाव खरंच कोसळला. लोक नव्याच्या मागे धावले. लीलँडनं जाहिराती कापून ठेवल्या. दुसऱ्यांदा भाव आधी पडला, मग दोन वर्षांत पूर्वीपेक्षा वर गेला. नव्यात ताकद जास्त होती, पण जुन्याचा आवाज नव्हता, आणि निम्म्याहून अधिक जुने तोवर पोरांनी ठोकून मोडीत घातले होते. तिसऱ्या वेळेची तो वाट पाहत होता. या मार्चमध्ये कंपनीनं जाहीर केलं, पुढचा रेडहॉक अर्धा विजेवर चालेल, आणि हातानं गिअर टाकायची सोय त्यात मिळणार नाही. कधीच मिळणार नाही.

लीलँडनं ती बातमी दोनदा वाचली. मग कोठारात जाऊन चादर काढली.

घाईला आणखी एक कारण होतं. अर्लीन फेब्रुवारीत पायऱ्यांवरून पडली होती. तिचे दोन्ही गुडघे गेले होते आणि घराला अकरा पायऱ्या होत्या. गावात चर्चच्या मागच्या गल्लीत एक विटांचं घर विकायला निघालं होतं. एकाही पायरीशिवाय आत शिरता येणारं. मालकीणबाई लेकीकडे निघाल्या होत्या आणि मे संपेपर्यंत थांबायला तयार होत्या. गाई विकून, बचत मोडूनही पन्नास हजार डॉलर कमी पडत होते. ती रक्कम कोठारात चादरीखाली उभी होती, असं लीलँड म्हणायचा.  अर्लीन पायऱ्या एकेक करून उतरायची, बसून.

आता लीलँडच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं.

पाइपलाइनीवर रिवाज असा की वेल्डरनं जोड पुरा केला की शेजारी आपली खूण टाकायची. पुढे तपासणीत जोड कच्चा निघाला तर कोणाचा, ते कळतं. लीलँड एकोणतीस वर्षांचा असताना पेकस गावाजवळ एक जोड कच्चा निघाला. त्यावर खूण नव्हती. मुकादमाचा भाचा त्याच टोळीत होता. जोड लीलँडच्या माथी आला आणि त्याला सबंध हंगाम घरी बसावं लागलं. जोड भाच्याचाच होता, असं तो आजही सांगतो. असेलही. तेव्हापासून त्यानं कोणतीही वस्तू खुणेवाचून सोडली नाही.

खूण घराण्याची होती. ओरसाकच्या इंग्रजी ओचा एक गोल, आणि त्याच्या खालून उजवीकडे झुकलेला एक पाय. लंगडा ओ. आजोबांनी ती काउंटीत नोंदवली होती, बापानं ती गाईंच्या डाव्या पुठ्ठ्यावर डागली. लीलँडनं ती शिडीवर, करवतीवर, बर्फाच्या पेटीवर, मासे धरायच्या काठ्यांवर कोरली. रोज सकाळी आपल्या टाचा तपासून पाहते, असं अर्लीन चर्चमधल्या बायकांना सांगायची.

त्यामुळे रेडहॉक पहिल्यांदा दुरुस्तीला द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं काय केलं असेल, ते सांगायला नको.  दोन दिवस कोठाराचं दार आतून लावून तो ट्रकखाली पडून राहिला आणि पोलाद कोरायच्या सुईनं त्यानं इंजिनाच्या, गिअरपेटीच्या, मागच्या आसाच्या एकूण एकोणीस सुट्या भागांवर लंगडा ओ कोरला. सुपरचार्जर तेवढा सोडला. त्याची तळबाजू उघडल्याशिवाय हाती येत नव्हती, आणि उघडायला त्याची छाती झाली नाही. मग ट्रक घेऊन तो विल्बर्ट कुबेनाकडे गेला.

विल्बर्ट कुबेना त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघं एकाच चर्चमध्ये वेदीसेवक, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालची पोरं, होते. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये डॉमिनोचा बेचाळीस नावाचा खेळ खेळताना ते जोडीदार म्हणून समोरासमोर बसायचे. त्या खेळात जोडीदाराला काही सांगायचं नसतं, त्याच्या सोंगटीवरून ओळखायचं असतं. चाळीस वर्षं ते एकमेकांच्या सोंगट्या ओळखत होते. गावात गाड्या दुरुस्त करणारा विल्बर्ट एकटाच होता, आणि इतक्या महागाच्या ट्रकमधला अस्सल भाग काढून हलका बसवायला वेळ लागतोच किती, हा विचार लीलँडच्या डोक्यातून जात नव्हता. ट्रक सोडताना तो मैलांचा आकडा हातावर लिहायचा. न्यायला आला की आधी आकडा पाहायचा, मग विल्बर्टशी बोलायचा. दुरुस्तीनंतर चालवून बघायची सक्त मनाई होती.

"चालवल्याशिवाय मला कळणार कसं, नीट झालाय की नाही?" विल्बर्टनं एकदाच विचारलं.

"मी चालवून सांगतो की," लीलँड म्हणाला.

अशी एकोणीस वर्षं गेली. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला, विल्बर्टचं गॅरेज त्यात गेलं, सरकारनं पैसे दिले आणि विल्बर्ट घरी बसला. रस्ता नेमका तिथूनच कसा वळला, याबद्दलही लीलँडचं एक मत होतं.

मेच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी ह्यूस्टनहून डेनिस फॉन्टेनो आल्या. जुन्या ताकदीच्या गाड्या पारखून विकत घ्यायचा त्यांचा धंदा. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगात यांत्रिकाचा डगला. मागे झाकलेली लांब गाडी होती, ट्रक चढवून न्यायची. आधीच गाडी आणलेली पाहून लीलँडच्या कपाळाला आठी पडली. ज्यानं ट्रकची देखभाल केली त्यालाही बोलवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. म्हणून विल्बर्टही आला होता. स्वतःचं स्टूल घेऊन.

फॉन्टेनोबाईंनी आधी रंगाची जाडी मोजली. दारं, टप, मागची फळी. सगळीकडे कारखान्याचाच रंग. मैल चार हजार तीनशे बारा. काचांवरचे कागदी शिक्केसुद्धा शाबूत. त्या अंगठ्यानं डगल्याचं बटण फिरवत होत्या. लीलँडनं ते पाहिलं. मनातल्या मनात त्यानं किंमत दोन हजारांनी वाढवली.

मग त्या टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत. नंतर त्या पाठीवर झोपून ट्रकखाली सरकल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"ओरसाकसाहेब, हा गोल आणि हा पाय काय आहे?"

लीलँड याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्याची छाती फुगली. तो सांगू लागला. आजोबा, काउंटी, गाई, पाइपलाइन. प्रत्येक भाग कारखान्यातून आला तोच आहे, कोणाचा हात फिरलेला नाही, याचा हा पुरावा. एकोणीस ठिकाणी आहे. बाईंनी मोजून घ्यावं.

बाईंनी मोजलं होतं. त्या जमिनीवरच बसल्या आणि शांतपणे बोलल्या. नव्या रेडहॉकला हातानं टाकायचे गिअर नसणार हे कळल्यापासून जुन्यांचा भाव चढतोय, ते खरं. असा, चार हजार मैलांचा, एकाच मालकाचा ट्रक त्या साठ हजाराला डोळे मिटून घेतात. पण जे लोक साठ हजार मोजतात त्यांना तो कारखान्याच्या दारातून निघाला तसाच हवा असतो. अस्सलपणा कारखान्याच्या आकड्यावरून ठरतो. मालकानं कोरलेल्या खुणेवरून काहीच ठरत नाही. उलट, घेणारा विचारतो की एवढ्या खुणा का केल्या, घरात असं काय झालं होतं.

"म्हणजे?" लीलँड म्हणाला.

"म्हणजे अडतीस हजार. तेही मी ह्यूस्टनहून आले आहे म्हणून."

लीलँड हसला. असा खेळ त्याला ठाऊक होता. आधी खोट काढायची, मग पाडून मागायचं. तो अर्लीनकडे वळून म्हणाला की बाई हुशार आहेत. अर्लीन व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. ती हसली नाही. तिनं काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

फॉन्टेनोबाईंनी वाद घातला नाही. सुपरचार्जर तेवढा पाहायचा राहिलाय, त्याच्यावर काही नसेल तर तीन हजार वाढवीन, असं म्हणाल्या. त्यांनी तारेच्या टोकाचा बारीक कॅमेरा काढला, तार इंजिनाच्या फटीतून खाली सोडली आणि फोन हातात धरला. लीलँड त्यांच्या खांद्यावरून पाहू लागला. विल्बर्ट स्टुलावर होता. तो उठला नाही.

पडद्यावर राखाडी धातू दिसला. धूळ. तेलाचा ओघळ. मग एक गोल, आणि गोलाला एक पाय.

 पाय डावीकडे झुकलेला होता.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"सुपरचार्जरला मी हातच लावला नव्हता. ही दुसऱ्या कोणी केली." तो विल्बर्टकडे वळला. त्याचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला. "भाग बदललास. आणि वरून माझी खूण टाकलीस. तीही धड जमली नाही."

इतकी वर्षं जे मनात होतं ते आता तोंडातून बाहेर पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर लीलँडला त्या क्षणी हलकं वाटलं. आपण वेडे नव्हतो. मनात आलं होतं ते बरोबर होतं.

विल्बर्टनं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"पहिल्या वर्षीच दिसल्या मला सगळ्या," तो म्हणाला. "तेल बदलायला खाली गेलो आणि वर बघतो तर जिकडेतिकडे लंगडा ओ. म्हटलं, हा आपल्यासाठीच आहे. गावात दुसरा कोण आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू मला चोर समजतोस का, असं विचारू? तू हो म्हणाला असतास तर?" विल्बर्ट थांबला. "चौथ्या वर्षी सुपरचार्जर सैल करून उचलावा लागला. त्याच्या खाली खूण नव्हती. मी घाबरलो, लीलँड. म्हटलं, कधीतरी हा आत डोकावणार, खूण नाही म्हणणार, आणि भाग बदलला म्हणून सगळ्या काउंटीत सांगत सुटणार. म्हणून मीच कोरली. उचललेल्या फटीतून, आरशात बघून करावी लागली, म्हणून पाय उलटा गेला."

फॉन्टेनोबाईंनी तोवर कॅमेरा आणखी आत सरकवला होता. धातूत ठोकलेला कारखान्याचा आकडा दिसत होता. त्यांनी तो आपल्या यादीशी ताडून पाहिला. एकदा, मग दुसऱ्यांदा. मग फोन लीलँडसमोर धरला. आकडा तोच होता. भाग कारखान्यातून आला तोच होता.

लीलँडनं चष्मा काढून आकडा वाचला. चष्मा लावून वाचला. यादी कोणी बनवली, असं त्यानं विचारलं. कंपनीनं, असं उत्तर आलं. त्यानं फोन परत केला. पण पटलं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

"अडतीस," बाई म्हणाल्या. "खुणा वीस आहेत, पण एकविसावी मी काही शोधत नाही. दुपारपर्यंत सांगा."

त्या आपल्या गाडीत जाऊन बसल्या. अर्लीननं आतून कॉफी आणि सॉसेज भरलेले पाव पाठवायचं म्हटलं, मग लक्षात आलं की पाठवायला कोणी नाही. ती स्वतः उठली. विल्बर्टनं धावत जाऊन थाळी घेतली आणि बाईंना नेऊन दिली. परत येऊन तो पहिल्या पायरीवर बसला.

"मी पन्नास देतो," तो म्हणाला.

लीलँडनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ज्यानं खोटी खूण केली, तोच आता ट्रक मागत होता. आणि बारा हजार जास्त देत होता. भाव पाडणाऱ्या माणसाचा डाव कळतो. भाव चढवणाऱ्याचा कळत नाही, म्हणजे तो मोठा असतो.

"तुला काय माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"कशाबद्दल?"

"ट्रकबद्दल. बाई अडतीस म्हणतात. त्यांचा हा धंदा आहे. तू पन्नास म्हणतोस. आणि पन्नासच का? एकोणपन्नास का नाही?"

"मी सांगितलं," अर्लीन वरून म्हणाली. "घराला किती कमी पडतात ते. ईस्टरच्या जेवणाला."

म्हणजे हे सगळं ठरलेलं होतं. ईस्टरपासून. लीलँड एकदा बायकोकडे, एकदा मित्राकडे पाहत राहिला. त्याला एकदम एकटं वाटलं आणि एकदम हुशारही वाटलं.

"हे बघ," विल्बर्ट म्हणाला, "एकोणीस वर्षं मी त्याचं तेल बदललं, ब्रेक बदलले, नळ्या बदलल्या. सुरू केला, आवाज ऐकला, बंद केला. एकदाही दुसरा गिअर टाकला नाही. मला तो चालवायचाय. दुसरं काही नाही. रस्त्याचे पैसे आलेत, बायको हो म्हणालीये."

"एवढ्यासाठी कोणी पन्नास हजार देत नाही."

"मी देतो."

"आणि वर्षभरानं साठला विकतोस."

विल्बर्टनं खिशातून चेकबुक काढून गुडघ्यावर ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते.

लीलँड उठला आणि फॉन्टेनोबाईंच्या गाडीकडे चालू लागला. अर्धं अंगण ओलांडून झाल्यावर अर्लीननं त्याला हाक मारली. मोठ्यानं नाही. ती मालकीचा कागद घेऊन उभी होती. रेडहॉक घेताना त्यानं कागदावर दोघांची नावं घातली होती. आपण मेलो तर वकिलांनी मध्ये हात मारू नये म्हणून. दोन नावांच्या मध्ये 'आणि' होतं. दोन्ही सह्या लागणार होत्या.

"अडतीसवर मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"अर्लीन, तुला कळत नाहीये. या माणसानं—"

"मला कळतंय. मला खाली येऊन बोलायला लावू नकोस. मला उतरायला पाच मिनिटं लागतात."

लीलँड अंगणात उभा राहिला. बाई गाडीतून पाहत होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि तेही लीलँडच्या लक्षात आलं. मग तो परत आला, अकरा पायऱ्या चढला, आणि त्यानं सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं. अर्लीननं आपली सही आधीच करून ठेवली होती.

विल्बर्टनं चेक दिला. लीलँडनं तो उजेडात धरून पाहिला. नंतर तो बँकेत फोन करून आला, चेक खरा आहे ना विचारून. या सगळ्याला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ विल्बर्ट पायरीवर बसून होता. बाई केव्हाच निघून गेल्या होत्या. जाताना त्यांनी विल्बर्टशी हात मिळवला. त्यांच्यात काही बोलणं झालं का, ते लीलँडला आतून ऐकू आलं नाही.

मग विल्बर्ट ट्रकमध्ये बसला. क्लच दाबून सोडला, पुन्हा दाबला. लीलँड खिडकीशी गेला आणि क्लच जरा वर पकडतो, एवढंच म्हणाला. विल्बर्ट म्हणाला, ठाऊक आहे, तो मीच जुळवलाय. ट्रक फाटकातून बाहेर पडला. पहिला गिअर. दुसरा. वळणावर विल्बर्टनं तिसरा टाकला आणि सुपरचार्जरचा चिरका आवाज शेतांवरून पार पलीकडच्या झाडांपर्यंत गेला. इतका मोठा आवाज लीलँडनं कधी येऊ दिला नव्हता.

आवाज विरेपर्यंत तो फाटकाशी उभा होता. मग व्हरांड्यात आला.

"त्याला त्या ट्रकबद्दल असं काय माहीत आहे," त्यानं विचारलं, "जे मला माहीत नाही?"

अर्लीन फोनवर होती. विटांच्या घराच्या मालकीणबाईंना ती चाव्यांबद्दल विचारत होती. तिनं हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. पण लीलँड थांबला नाही. तो कोठारात गेला, चादर उचलली, तिच्या चारही कडा पाहिल्या, आणि रिकाम्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिला. जिथे एकवीस वर्षांत तेलाचा एकही डाग पडला नव्हता.